सस्पेन्स कथा लिहायचीय? आधी टाकीतलं पाणी मोजा

ठाण्याच्या नौपाड्यातली एक जुनी तीन मजली बिल्डिंग डोळ्यासमोर आणा. रीडेव्हलपमेंटला गेलीये, बिल्डरने भाडी सुरू केलीयेत, पाच बिऱ्हाडं मार्चमध्येच सामान बांधून निघून गेली. उरल्यात फक्त पहिल्या मजल्यावरच्या सुमनताई, कारण त्यांचं खारेगावचं भाड्याचं घर एक जूनला रिकामं होणार आहे. गच्चीवर १००० लिटरची टाकी, पंप आता त्याच लावतात, दर रविवारी रात्री. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे एकट्या बाईला एक टाकी आठवडाभर आरामात जावी, आणि एप्रिलभर तशी जातही होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र गुरुवारी संध्याकाळीच नळाने खर्र खर्र केलं.

आता खरं सांगा, तुम्ही मनात भागाकार केलात की नाही?

मी कुठेही म्हटलेलं नाही की बिल्डिंगमध्ये अजून कुणीतरी राहतंय. ना काळी सावली, ना पैंजणांचा आवाज, ना कुत्रं रडलं. मी फक्त टाकी किती लिटरची ते सांगितलं, बाकीचं तुम्ही केलंत. एवढं जमलं की सस्पेन्सचं निम्मं काम झालं, आणि हे मला कळायला सात-आठ वर्षं लागली म्हणून हे सगळं लिहून काढतेय, तुमची तेवढी वर्षं वाचली तर बरंच आहे.

माझी पहिली कथा मी एका दिवाळी अंकाला पाठवली होती. आठ पानांची. निवेदक स्वतःच मेलेला असतो आणि ते शेवटच्या ओळीत कळतं, अशी भारी आयडिया (असं तेव्हा वाटत होतं). संपादकांचा फोन आला, म्हणाले, ताई, मला हे दुसऱ्याच पानावर कळलं, पुढची सहा पानं मी तुम्हाला कधी कळतंय त्याची वाट बघत होतो. राग आला, पण गृहस्थ बरोबर होते. मी आठ पानं फक्त लपवालपवी केली होती, आणि लपवण्यात वाचकाला करण्यासारखं काहीच नसतं, तो नुसता बसून राहतो.

तर माझं एकच म्हणणं आहे, लपवू नका. सांगा. लवकर सांगा, आणि मग वाचकाला त्या माहितीबरोबर ताटकळत ठेवा.

थोडं शब्दांचंही बोलून घेऊ, कारण आपण सगळ्यालाच सस्पेन्स म्हणतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तिथे मुख्य प्रश्न असतो की हे केलं कुणी. नारायण धारपांची भयकथा, तिथे प्रश्न असतो की समोर जे आहे ते आहे तरी काय. रत्नाकर मतकरींची गूढकथा अजून वेगळी, तिथे उत्तर मिळाल्यावरही मन शांत होत नाही. सस्पेन्स, म्हणजे उत्कंठा, हा स्वतंत्र प्रकार नाहीये, ते ह्या तिघांच्याही आत चालणारं इंजिन आहे. खून लागतच नाही त्याला. दहावीचा रिझल्ट दुपारी एक वाजता लागणार, साइट उघडत नाहीये, आणि आईला माहितीये की पोरगं गणिताच्या पेपरला हॉलमध्ये गेलंच नव्हतं, बापाला माहीत नाहीये. झाली कथा. हे सगळं वाचायचं असेल तर ठाण्यात स्टेशनजवळ मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, मी तिथे बसून जुने दिवाळी अंक चाळत असते, आणि कुठल्याही वर्कशॉपपेक्षा तिथे जास्त शिकले.

सिनेदिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. दोन माणसं गप्पा मारतायत, बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब एक वाजता फुटणार हे आधीच दाखवलं आणि भिंतीवर पाऊण वाजलेला दाखवला तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं जीव खातात. मुद्दा सोळा आणे खरा आहे, फक्त लोक तो ऐकून लगेच बॉम्ब शोधायला निघतात. आपल्याकडे बॉम्ब कशाला हवाय. सुमनताईंच्या कथेत बॉम्ब काय आहे सांगू? एक जून. त्या दिवशी त्या निघून जाणार, त्या गेल्या की पंप लावायला कुणी नाही, आणि बिल्डरचा माणूस ग्रिलच्या गेटला बाहेरून कुलूप घालणार. हे वाचकाला पहिल्याच पानावर कळलं पाहिजे. मग दुसऱ्या पानावर टाकी गुरुवारी संपते, आणि वाचकाचं पोट आपोआप आवळलं जातं, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही.

म्हणजे लिहायला बसायच्या आधी तीन गोष्टी एका कागदावर लिहून काढा. वाचकाला पडणारा एकच प्रश्न (वर कोण आहे), कुणाचं काय जाणार (आत कोंडलं जाणारं कुणीतरी), आणि कधीपर्यंत (एक जून). तिसऱ्या गोष्टीचा कंटाळा करतात लोक. तारीख किंवा वेळ नसेल तर कथा नुसती रेंगाळते. ठाण्या-नवी मुंबईत तर वेळ फुकट मिळते आपल्याला, ट्रान्स हार्बर लोकलची शेवटची गाडी, सकाळी पाणी यायची वेळ, सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनची ड्यूटी बदलायची वेळ, वापरा की.

आता धागेदोरे पेरण्याबद्दल, इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त माती इथेच होते.

वर कोण आहे ते मी तुम्हाला सांगून टाकते. तिसऱ्या मजल्यावरचे नाना आहेत. मुलाकडे खारघरला गेले होते, सेक्टर आणि टॉवर आणि अकराव्या मजल्यावरचं घर, सगळं छान, पण करमेना, म्हणून गुपचूप परत आलेत. मुलाला सांगितलंय गावी जातो. आता हे शेवटी कळल्यावर वाचकाने "हॅ, काहीही" म्हणता कामा नये, त्याने कपाळावर हात मारला पाहिजे. त्यासाठी नाना आधी तीनदा तरी दिसायला हवेत, पण न दिसता. माझी पद्धत अशी की महत्त्वाची गोष्ट यादीच्या मधोमध टाकायची. सुमनताई भाजी घेऊन येतायत, सहज वर बघतात, आणि मी लिहिते: "वरच्या गॅलरीत तुटकी डिश अँटेना, कुंडीतली हिरवी तुळस आणि दोरीवर विसरलेलं एक पायपुसणं, एवढंच उरलं होतं." वाचकाचं लक्ष पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीवर जातं, तुळस डोळ्याखालून सटकते. पण घर मार्चपासून बंद आहे, ठाण्याचा मे महिना आहे, आणि तुळस हिरवी आहे! कुणी पाणी घातल्याशिवाय चार दिवस टिकणार नाही. शेवट वाचल्यावर माणूस पान मागे उलटून हे वाक्य शोधतो, आणि ते तिथे असतं. लेखिकेला ह्याच्यापेक्षा मोठं सुख नाही, खरंच सांगते.

दुसरी युक्ती म्हणजे धागा द्यायचा आणि लगेच त्याला साधं कारण चिकटवायचं. टाकी लवकर संपली तर कुणीही आधी काय म्हणेल, लीकेज. मग सुमनताईंनीही तेच म्हणायला हवं, प्लंबरला बोलवायला हवं. तुमचं पात्र वाचकापेक्षा बावळट नको. वाचकाला सुचलेली पहिली शंका पात्राला पुढच्या पॅरात सुचली पाहिजे, नाहीतर वाचक वैतागतो. प्लंबर गच्चीवर जातो, टाकी ठोकून बघतो, म्हणतो पाइप ठणठणीत आहे मावशी, कुठे ओलसुद्धा नाही, दोनशे रुपये घेतो आणि जातो. इथे एक गंमत होते बघा, साधं कारण खोटं ठरलं की पुढचं कारण वाचकाला जास्त भीतीदायक वाटायला लागतं, आणि तुम्ही तर भीतीचा एक शब्दही वापरलेला नसतो. फक्त चकवा देताना लबाडी नको. प्लंबर खोटं बोलत होता असं नंतर निघालं तर ती फसवणूक झाली. चकवा खऱ्या गोष्टींचाच द्यायचा.

आता मराठीत लिहितोय म्हणून एक खास डोकेदुखी. इंग्लिशवाले "आय वेंट" लिहून मोकळे होतात, बाई की पुरुष कळतच नाही. आपलं क्रियापद चुगलखोर आहे. मी गेलो म्हटलं की पुरुष, गेले म्हटलं की बाई, संपलं रहस्य. निवेदक कोण हे तुम्हाला झाकायचं असेल तर काय करायचं? थोडं व्याकरण कामाला लावायचं. "मी दार उघडलं", "मी चिठ्ठी वाचली", "मी सगळं ऐकलं", इथे क्रियापद दारामागे, चिठ्ठीमागे जातं, बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. पण सावध राहा, काही क्रियापदं दगा देतात. "मी चहा प्यायले", "मी विसरलो", "मी बोलले", "मी जेवलो", ह्यांच्यात कर्म असो नसो, लिंग बाहेर पडतंच. मग बोलले च्या जागी सांगितलं, जेवलो च्या जागी दोन घास खाल्ले, विसरलो च्या जागी "लक्षातच राहिलं नाही", जागा झालो च्या जागी "जाग आली". भविष्यकाळ सेफ आहे, मी येईन, मी बघेन. वर्तमानकाळ अजिबात नाही, येतो-येते लगेच पकडून देतात. दुसऱ्या कुणाला झाकायचं असेल तर नपुंसकलिंग आहेच, "कुणीतरी येऊन गेलं होतं", "जिन्यात कुणीतरी बसलं होतं". "ती व्यक्ती" मात्र नको प्लीज, लगेच पंचनाम्याचा वास येतो.

पूर्ण कथा अशी लिहिणं दमवतं, आणि दोन पानांनंतर भाषा अवघडल्यासारखी होते, म्हणून खरंच गरज असेल तरच. पण सुमनताईंच्या कथेत मला फक्त एका प्रसंगात ते लागलं, रात्री वरून आवाज येतो तेव्हा. "वर कुणीतरी खोकलं." बस. खोकला नाही, खोकली नाही. त्या एका अनुस्वाराच्या फरकाने कथा पुढची दोन पानं तगली.

क्रियापदाचा एक फायदाही आहे. आपल्याकडे ते वाक्याच्या शेवटी येतं, म्हणजे मराठी वाक्य हीच छोटी सस्पेन्स कथा असते. "तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, जिथे दोन महिने कुणी झाडूसुद्धा मारला नव्हता, त्या धुळीत, ओल्या पायाचा ठसा होता." आता हेच उलटं करून बघा, "ओल्या पायाचा ठसा होता जिन्यातल्या धुळीत." हवा गेली ना? वाक्यातली सगळ्यात जड गोष्ट जितकी उशिरा येईल तितकं चांगलं, पण प्रत्येक वाक्य असं केलंत तर वाचकाला धाप लागेल, पानात एखादंच.

आणि नात्यांचे शब्द. मामी म्हटलं की मामी, काकू म्हटलं की काकू, आपल्याकडे नातं लपवायला जागाच नसते. पण त्याच वेळी सोसायटीत प्रत्येक जण काका असतो, वॉचमन काका, दूधवाले काका, वरचे काका. प्लंबर सुमनताईंना जाताना म्हणतो "वरच्या काकांना सांगा गॅलरीतली कुंडी आत घ्या, पडेल कुणाच्या डोक्यात." सुमनताईंना वाटतं बिल्डरच्या वॉचमनबद्दल बोलतोय. वाचकालाही वाटतं. हे वाक्य मला भाजी निवडताना सुचलं आणि मी गवार तशीच टाकून उठले.

मोबाइलचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कारण फोन केला की निम्म्या कथा संपतात. नेटवर्क नव्हतं, बॅटरी संपली, हे आता कुणी खपवून घेत नाही. मी स्वतः तोंडावर आपटलेय. एका कथेत नायिका डोंबिवली फास्टमध्ये, महत्त्वाचा फोन चालू, आणि पारसिकच्या बोगद्यात फोन कट, मस्त सीन. ग्रुपमध्ये वाचून दाखवला तर दिव्याला राहणारा एक मुलगा शांतपणे म्हणाला, ताई, २०२२ पासून फास्ट लोकल बोगद्यातून जातच नाही, नवीन लाइनने मुंब्र्यावरून जाते, बोगद्यातून मेल-एक्सप्रेस जातात. मी रबाळ्याला कामाला जाते, ट्रान्स हार्बरने, त्या बाजूला माझं जाणंच होत नाही, जुन्या आठवणीवर लिहून बसले. लोकं हसली आणि सीन मेला. वाचकाचा एका छोट्या गोष्टीवरचा विश्वास उडाला की तो मोठ्या गोष्टीलाही घाबरत नाही. त्यामुळे आपल्या गावाबद्दल लिहितानासुद्धा जाऊन बघायचं, विचारायचं.

त्यापेक्षा फोन चालू ठेवा आणि त्यालाच कामाला लावा. व्हॉट्सअ‍ॅपसारखं उत्कंठेचं यंत्र आजवर झालं नाही. एक टिक, दोन टिक, निळ्या टिक, टायपिंग दिसतंय आणि मग बंद होतं. सुमनताई नानांच्या मुलाला मेसेज करतात, नाना कसे आहेत? निळी टिक. टायपिंग. थांबलं. परत टायपिंग. मग उत्तर येतं, "गावी गेलेत, मजेत आहेत." आणि दहा मिनिटांनी अजून एक मेसेज येतो जो वाचायच्या आत डिलीट झालेला असतो. काय होतं त्यात? मी कथेत सांगितलेलंच नाही.

वेग कसा ठेवायचा ह्यावर लोक बरंच काही सांगतात, छोटी वाक्यं वापरा वगैरे. माझा अनुभव उलटा आहे. घाईच्या प्रसंगात मी सावकाश होते. सुमनताई शेवटी जिना चढतात, दोन मजले, बत्तीस पायऱ्या, आणि मी त्यांना एकेक चढायला लावते. गुडघा दुखतो म्हणून मधल्या चौकात थांबतात, रिकाम्या घराच्या दारावर अजून पाटी आहे ती वाचतात, उंबऱ्यावरची रांगोळीची स्टिकर अर्धी सोललीये ती बघतात. वाचक मनात ओरडत असतो की बाई चढ ना. त्याउलट प्लंबर, बिल्डरचा माणूस, खारेगावचं घर, हे सगळं मी तीन-तीन ओळींत उरकलं.

काही शब्द पहिल्या खर्ड्यानंतर शोधून काढून टाका. अचानक, इतक्यात, तेवढ्यात, एकदम, काळजात धस्स झालं, अंगावर काटा आला. अंगावर काटा वाचकाच्या यायला पाहिजे, पात्राच्या नाही. आणि ते तीन टिंबं... हे असं... प्रत्येक वाक्याला... नका करू. एका कथेत माझी एकेचाळीस टिंबं निघाली होती.

शेवट. तीन शेवट समोर ठेवले होते मी. एक, वर भूत. लगेच फुली, कारण भूत पाणी कशाला वापरेल, माझ्याच गणिताला काही अर्थ उरत नाही. दोन, चोर किंवा कुणी फरारी. चालला असता, पण मग तुळशीला पाणी कोण घालेल? तीन, नाना. टाकी, तुळस, खोकला, काका, सगळे धागे एकाच माणसापाशी येतात, तेव्हा शेवट बरोबर आहे असं समजायचं. एखादा धागा लोंबकळत राहिला तर शेवट बदला किंवा धागा काढा, "ते असंच राहू दे, गूढ वाटेल" हा निव्वळ आळस आहे. आणि शेवट कळल्यावर प्रश्न सुटला पाहिजे पण अडचण सुटता कामा नये. वर नाना आहेत हे कळलं, आता सुमनताईंनी काय करायचं? मुलाला कळवलं तर म्हातारा परत अकराव्या मजल्यावर. नाही कळवलं तर एक जूनला गेटला कुलूप.

लांबी म्हणाल तर पहिल्यांदा दोन हजार शब्दांच्या वर जाऊ नका, पात्रं तीन, जागा एक, वेळ जमलं तर एक आठवडा. दिवाळी अंकाला द्यायची असेल तर पावसाळ्यातच हातात तयार पाहिजे, १९०९ मध्ये मनोरंजन मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाबरोबर कथा वाचायची सवय आहे लोकांना, पण संपादक तुमच्यासाठी दसऱ्यापर्यंत थांबत नाहीत.

पाठवायच्या आधी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि "आवडली का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. मध्येच थांबा, पाणी प्यायला उठा, आणि विचारा, आता पुढे काय होईल असं वाटतंय? मी माझ्या आत्याला ऐकवली, तलावपाळीला बाकावर बसून. जिन्यापर्यंत आले आणि मुद्दाम शेंगा घ्यायला उठले. परत आले तर आत्या म्हणाली, ते जाऊ दे, तो म्हातारा इतके दिवस जेवतोय काय?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाण्याचा हिशोब केला होता, पोळीभाजीचा विसरले होते. घरी जाऊन कथा उघडली आणि सुमनताई भाजी घेऊन येतात त्या वाक्यात, डिश अँटेनाच्याही आधी, जिन्याच्या कठड्याला अडकवलेला रिकामा डबा टाकला.